गाडी बंद पडली तर पुढे काय: मॅन्युअल गाडीच्या नव्या चालकासाठी

प्रश्न असा आहे. परवाना मिळून तीन महिने झालेल्या एका नव्या चालकाची गाडी गर्दीच्या सिग्नलवर लागोपाठ तीनदा बंद पडली, मागून हॉर्न वाजत राहिले, सिग्नल पुन्हा लाल झाला आणि त्या दिवसापासून गाडीची किल्ली हातात घेतली तरी तळहातांना घाम सुटतो. गाडी विकून ऑटोमॅटिक घ्यावी का, की ही भीती जाते, आणि जात असेल तर कशी, असे विचारले आहे. मी बावीस वर्षे मॅन्युअल गाडी शिकवते आहे आणि हाच प्रसंग थोड्याफार फरकाने कितीतरी विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

ऑटोमॅटिकचा मुद्दा आधी संपवते. ऑटोमॅटिक गाडी चालवण्यात कमीपणा काहीच नाही. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे किंवा ज्यांचा रोजचा प्रवास मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या वाहतुकीतून होतो, त्यांना मी स्वतः तीच गाडी सुचवते. मात्र हा निर्णय त्या सिग्नलच्या धास्तीत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ऑटोमॅटिकमध्ये क्लच नसतो, पण लेन बदलणे, मोठ्या वाहनाच्या शेजारून जाणे, अरुंद जागेत गाडी लावणे हे सगळे तसेच असते, आणि एका जागी न निस्तरलेली भीती दुसऱ्या जागी जाऊन बसते, हे मी गाडी बदललेल्या विद्यार्थ्यांमध्ये पाहिले आहे. सहा आठवडे पुढे सांगते तसा सराव करा आणि मग ठरवा.

आता मूळ गोष्ट. नवे चालक गाडी बंद पडू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतात, पण बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून निघायचे कसे, याचा सराव जवळजवळ कोणीच करत नाही. शिकवणारेही तो भाग बऱ्याचदा ओझरता सांगून पुढे जातात, कारण शिकवणीच्या वेळी शेजारी प्रशिक्षक असतो, त्याच्या पायाशी जादा ब्रेक असतो आणि गाडी बंद पडली तरी कोणाचे काही अडत नाही. मग एकटे असताना भर चौकात ती बंद पडली की तो प्रसंग पायांच्या ओळखीचाच नसतो. माझा अनुभव असा आहे की चुका होणे थांबले म्हणून आत्मविश्वास येत नाही. चूक झाल्यावर पुढची कृती काय हे हातापायांच्या अंगवळणी पडले की तो येतो, आणि चुका त्यानंतर आपोआप कमी होतात. त्या दिवशी पहिल्यांदा गाडी बंद पडली ती चूक क्षुल्लक होती आणि ती कोणाच्याही हातून होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी ती बंद पडली ती घाईमुळे, आणि त्या घाईवरच इलाज करायचा आहे.

त्यासाठी त्या काही सेकंदांत गाडीत काय घडते ते नीट समजून घ्या. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेत असते आणि चाके मात्र स्थिर असतात. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके यांची गाठ हळूहळू घालून देणे हे क्लचचे काम. क्लचचा पेडल पूर्ण दाबलेला असतो तेव्हा क्लचची चकती इंजिनच्या फ्लायव्हीलपासून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकापासून, सुटी असते. पेडल वर येऊ लागला की चकती फ्लायव्हीलला घासू लागते, काही क्षण दोन्ही वेगवेगळ्या गतीने घासत फिरतात आणि शेवटी एकत्र फिरू लागतात. हे घासत राहण्याचे क्षण म्हणजेच ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो ती जागा. पाय एकदम उचलला तर इंजिनावर सगळ्या गाडीचे ओझे एका क्षणात येते, त्याचे फेरे फार खाली उतरतात आणि ते थांबते. एवढेच घडते. एखाद्या वेळी असे झाल्याने इंजिनाचे काही बिघडत नाही.

आता घाबरलेल्या माणसाचे शरीर काय करते ते पाहा. स्नायू ताठ होतात, श्वास वर अडकतो आणि पायाच्या बारीक हालचाली करण्याची क्षमता नेमकी त्याच वेळी कमी होते. क्लचला तर बारीक हालचालच हवी असते. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले होते की सोपे काम असेल तर जास्त ताण चालून जातो, पण काम जितके अवघड, तितक्या कमी ताणात ते चांगले होते. नव्या चालकासाठी क्लच हे अवघड काम आहे आणि जुन्या चालकासाठी तेच सोपे आहे. म्हणून मागचा हॉर्न ऐकून जुना चालक बिनचूक निघून जातो आणि तुमचा पाय मात्र झटक्याने वर येतो. यात स्वभावाचा किंवा बुद्धीचा काही दोष नाही. सराव झाला की हेच काम अवघडाच्या यादीतून सोप्याच्या यादीत जाते, आणि मग तेवढीच भीती वाटत असतानाही पाय बरोबर चालतो.

सरावाच्या आधी बैठक तपासून घ्या, कारण मी पाहिलेल्या निम्म्याहून अधिक घाबरट चालकांची सीट चुकीच्या जागी होती. क्लच तळापर्यंत पूर्ण दाबल्यावरही डाव्या गुडघ्याला थोडा बाक राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताणावा लागत असेल, तर क्लच वर आणताना मांडीच्या जोरावर पाय उचलला जातो आणि घोट्याचे नियंत्रण राहत नाही. पाठ सीटला टेकलेली ठेवून हात पुढे केला तर मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. उजव्या पायाची टाच जमिनीवर असावी आणि तिथूनच पंजा ब्रेक व ॲक्सिलरेटर यांच्यात फिरावा. जाड तळव्याचे किंवा सैल पादत्राण सराव होईपर्यंत टाळा. पातळ तळव्याच्या बुटातून पेडलची थरथर जितकी कळते तितकी जाड तळव्यातून कळत नाही.

पहिला सराव मोकळ्या, सपाट मैदानात करायचा आणि त्यात ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. गाडी चालू करा, क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा आणि क्लच इतका सावकाश वर आणा की जणू पायाखाली अंडे आहे. एका विशिष्ट जागी तीन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडतात: इंजिनाचा आवाज जरा जड होतो, सीटमध्ये आणि स्टेअरिंगमध्ये हलकी थरथर येते आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखे वाटते. तिथे पाय थांबवा. बहुतेक नवे चालक नेमके इथेच चुकतात. गाडी हलली याचा आनंद किंवा धक्का होऊन ते उरलेला क्लच सोडून देतात. गाडी हलू लागल्यावरही पाय त्याच जागी तीन आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा आणि मग उरलेला क्लच सावकाश सोडायचा. सपाट जमिनीवर बऱ्याचशा गाड्या ॲक्सिलरेटरशिवाय अशा निघतात. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरही जास्त ओढते, म्हणून डिझेल गाडी हे अगदी सहज करते, आणि लहान पेट्रोल गाडीला कधी किंचित ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. हे वीस-पंचवीस वेळा करा. मग डोळे समोर ठेवून, गाडीचा आवाज आणि थरथर एवढ्यावरच हाफ क्लचची जागा ओळखता येते का ते पाहा.

दुसरा सराव हा माझ्या शिकवण्याचा कणा आहे आणि तो ऐकून बहुतेक जण चकित होतात. त्याच मैदानात गाडी मुद्दाम बंद पाडायची. पहिल्या गिअरमध्ये क्लच झटकन सोडा, गाडी आचका देऊन बंद पडू द्या आणि मग ठरलेल्या क्रमाने तिला पुन्हा चालू करा. समोर भरपूर मोकळी जागा ठेवा, उजवा पाय ब्रेकवर तयार ठेवा आणि एका दिवशी पाच-सहा वेळांपेक्षा जास्त नको. चार-पाच दिवसांत असा वीस-पंचवीस वेळा सराव होतो आणि क्लचवर नाहक ताणही येत नाही.

क्रम असा. गाडी बंद पडताच सर्वांत आधी ब्रेक दाबायचा, म्हणजे गाडी मागेपुढे सरकण्याचा प्रश्नच मिटतो. मग क्लच पूर्ण तळाला. मग गिअर न्यूट्रलला आणून पुन्हा पहिल्यात टाकायचा. ही पायरी कधीही गाळू नका, कारण गाडी दुसऱ्यांदा बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे गिअर दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात राहून गेलेला असतो आणि घाईत ते लक्षातच येत नाही. मग गाडी चालू करायची, इंजिन स्थिर आवाजात आले आहे हे एक सेकंद ऐकायचे, हँडब्रेक वर राहिलेला नाही ना हे पाहायचे, क्लच हाफ क्लचपर्यंत आणायचा, पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना नजर टाकायची आणि निघायचे. हे सगळे घाई न करता केले तरी सहा-सात सेकंदांत होते. मागच्या वाहनाला ती सहा सेकंदे मोठी वाटत नाहीत; आपल्याला मात्र ती युगासारखी वाटतात, आणि म्हणूनच आपण त्यांतली एखादी पायरी गाळतो.

सुरुवातीला हा क्रम मोठ्याने म्हणत करा. माझी एक विद्यार्थिनी पेशाने परिचारिका होती. तातडीच्या रुग्णाजवळ कामाचा क्रम मोठ्याने म्हणण्याची तिला सवय होती आणि तीच सवय तिने गाडीत आणली: ब्रेक, क्लच, न्यूट्रल, पहिला, चालू, ऐक, हाफ, बघ, चल. पहिल्या चार-पाच वेळा तिचा आवाज कापरा होता आणि उजवा हात स्टेअरिंगवर इतका घट्ट होता की बोटांची पेरे पांढरी पडली होती. तिसऱ्या दिवशी, बहुधा सतराव्या वेळी, गाडी बंद पडल्यावर तिने मला भलताच काही प्रश्न विचारला आणि माझे उत्तर ऐकता ऐकता गाडी चालू करून ती निघालीसुद्धा. आपण काय केले हे तिला कळलेही नव्हते. मी ज्याची वाट पाहत असते तो क्षण हाच. पायांना आता तिच्या लक्षाची गरज उरली नव्हती आणि ते मोकळे झालेले लक्ष रस्त्याकडे द्यायला ती तयार झाली होती.

गाडी बंद पडण्याला इतका मोठा प्रसंग समजू नये याचे आणखी एक कारण सांगण्यासारखे आहे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसवला गेला. त्याआधी इंजिन बंद पडले की चालकाला खाली उतरून गाडीच्या पुढे जाऊन हाताने हँडल मारावे लागे, आणि ते हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याच्या घटना घडत. तेव्हा गाडी बंद पडणे हे खरोखरच संकट होते. आज त्यासाठी दोन बोटे पुरतात.

एक खबरदारी मात्र लक्षात असू द्या. चालती गाडी वळणावर किंवा उतारावर बंद पडली, तर ब्रेकला आणि स्टेअरिंगला मिळणारी इंजिनाची मदत थांबते. ब्रेक पहिले एकदोन वेळा नेहमीसारखा लागतो आणि नंतर पेडल कठीण होतो. स्टेअरिंगही जड होते. दोन्ही काम करतच असतात, फक्त जास्त जोर लावावा लागतो. म्हणून अशा वेळी ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू-सोडू नये, एकदाच ठामपणे दाबून गाडी थांबवावी आणि मग वरचा क्रम सुरू करावा.

आता मागून वाजणाऱ्या हॉर्नविषयी. हॉर्न ऐकू आला की नव्या चालकाची नजर आरशाकडे जाते, मागच्या माणसाचा चेहरा दिसतो आणि तिथून पुढे हातपाय गाडीसाठी काम करायचे सोडून त्या चेहऱ्यासाठी काम करू लागतात. मी विद्यार्थ्यांना सांगते की ब्रेक दाबलेला आहे आणि गाडी उभी आहे तोवर तुम्ही कोणाचे काही बिघडवत नाही. इंजिन चालू होऊन हाफ क्लच येईपर्यंत आरशाकडे पाहूच नका. निघण्याआधी मात्र तिन्ही आरसे बघायचेच, कारण मागचा चालक एव्हाना बाजूने निघू पाहत असण्याची शक्यता असते. दोनदा प्रयत्न करूनही गाडी निघाली नाही, तर चारही इंडिकेटर एकदम लावा. त्याने मागच्यांना कळते की ही गाडी अडली आहे आणि ते बाजूने वाट काढतात. हा संकेत दिल्यावर तुमच्या मनावरचे दडपणही निम्मे होते.

चढावर निघणे हा यातला सर्वांत भीतीचा भाग आहे आणि तो स्वतंत्रपणे शिकावा लागतो. मैदानातला सराव पक्का झाल्याशिवाय चढावर जाऊ नका, आणि गेलात तर आधी अगदी सौम्य, निर्मनुष्य चढ निवडा. हँडब्रेक पूर्ण ओढा. क्लच दाबून पहिला गिअर टाका. ॲक्सिलरेटर इतका द्या की इंजिन साधारण १५०० ते २००० फेऱ्यांवर स्थिर गुणगुणत राहील. फेऱ्यांचा काटा नसेल तर आवाज ऐका, तो भरदार हवा, किंचाळणारा नको. आता क्लच हाफ क्लचवर आणा. आवाज उतरेल, गाडीचे नाक वर उचलले जाईल आणि मागची बाजू किंचित बसल्यासारखी वाटेल, म्हणजे गाडी हँडब्रेकविरुद्ध ओढू लागली आहे. दोन्ही पाय तिथेच गोठवा आणि हँडब्रेक सोडा. गाडी जागेवर उभी राहील किंवा हळूच पुढे निघेल. ती मागे आली तर क्लच सोडण्याची घाई करू नका, ब्रेक दाबा आणि पुन्हा सुरुवात करा. हँडब्रेक सोडल्यावरही गाडी हाफ क्लचवर जागेवर थांबून राहते हे ज्या दिवशी विद्यार्थ्याला पहिल्यांदा जाणवते, त्या दिवशी चढाची भीती निम्मी ओसरते, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

मात्र चढावरच्या रांगेत गाडी हाफ क्लचवर धरून ठेवण्याची सवय लावून घेऊ नका. तेवढा सगळा वेळ क्लचची चकती घासत असते, तापते आणि थोड्या वेळाने काहीतरी जळाल्याचा उग्र वास येतो. तो वास आला की गाडी बाजूला घेऊन काही मिनिटे थंड होऊ द्यावी. थांबायचे असेल तेव्हा हँडब्रेक किंवा ब्रेक हेच साधन आहे. तुमच्या गाडीत चढावर ब्रेक धरून ठेवणारी सोय असेल, तर ब्रेकवरून पाय काढल्यावर ती गाडीला साधारण दोन सेकंद धरून ठेवते. ती जरूर वापरा, पण हँडब्रेकची पद्धत आधी शिका, कारण दुसऱ्याची गाडी चालवायची वेळ आली तर ती सोय असेलच असे नाही. चढावर पुढच्या वाहनाच्या मागे थोडी जास्त जागा सोडून थांबा, कारण तेही मागे सरकू शकते.

गिअर बदलण्याविषयी फार सांगण्यासारखे नाही, कारण त्याची भीती लवकर जाते. कॅडिलॅकनेच १९२८ साली आणलेल्या सिंक्रोमेश यंत्रणेने दातांच्या चाकांची गती आपोआप जुळवण्याची सोय केली आणि चालकाचे कौशल्याचे निम्मे काम हलके केले. दांडा मुठीत आवळू नका, तळहाताने हलकेच ढकला, तो आपली वाट स्वतः शोधतो. रिव्हर्स टाकण्याआधी गाडी पूर्ण थांबलेली असू द्या. वळणाच्या आधी वेग कमी करून गिअर उतरवून घ्या, म्हणजे वळताना दोन्ही हात स्टेअरिंगवर राहतात.

एक चूक मात्र मला फार वेळा सुधारावी लागते. घाबरलेला चालक वेग कमी करायचा म्हटले की आधी क्लच दाबतो, कारण गाडी बंद पडेल ही धास्ती मनात असते. क्लच दाबताच इंजिन चाकांपासून सुटते, इंजिनाच्या अडवण्याने गाडी जी हळू होत असते ते थांबते, गाडी मोकळी सुटल्यासारखी पुढे जाते आणि चालक अधिकच घाबरतो. आधी ब्रेक, आणि गाडी अगदी हळू होऊन थरथरण्याच्या बेतात आली की मग क्लच, हा क्रम सवयीचा करा. चौथ्या गिअरमध्येसुद्धा ब्रेक दाबल्याबरोबर गाडी बंद पडत नाही. तिला बराच अवकाश असतो. मोकळ्या रस्त्यावर ठरावीक जागी थांबण्याचा सराव करून तो अवकाश एकदा स्वतः अनुभवा. लांब उतारावर तर गाडी कधीही न्यूट्रलमध्ये सोडू नये. खालच्या गिअरमध्ये ठेवली की इंजिन तिला आवरून धरते आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका कमी होतो.

पाय शिकले की डोळ्यांकडे वळा. भित्र्या चालकाची नजर बॉनेटच्या पुढच्या दहा-पंधरा मीटरवर खिळलेली असते, त्यामुळे प्रत्येक गोष्ट त्याच्यासमोर अचानक उगवते आणि रस्ता अंगावर येतोय असे वाटत राहते. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. म्हणजे तो जिथे पाहतो आहे तिथे तो एका सेकंदात पोचतो. नजर दूर न्या, जिथे गाडी दहा-बारा सेकंदांनी असेल तिथे, आणि मधूनमधून आरशात डोकावून पुन्हा तिथेच आणा. पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवा: ती एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला सुरुवात करा आणि दोन सेकंद होण्याआधी तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर मागे राहा. नव्या चालकाने तीन सेकंद ठेवावेत, पावसात त्याहून जास्त. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर सुमारे चौपट होते, हे लक्षात घेतले की सावकाश चालवण्याची लाज वाटत नाही. मात्र मोकळ्या रस्त्यावर भीतीपोटी फार रेंगाळत चालवणेही इतरांना बुचकळ्यात टाकते.

नजर दूर जावी यासाठी बोलत चालवण्याचा फार उपयोग होतो. ब्रिटनमध्ये पोलीस चालकांच्या प्रशिक्षणात ही पद्धत पूर्वीपासून वापरली जाते. जे दिसते आणि त्यावर जे करणार ते मोठ्याने म्हणायचे: पुढे सिग्नल हिरवा आहे, बराच वेळ हिरवा आहे, बदलेल, पाय ब्रेककडे, उभ्या वाहनाखालून पाय दिसतात, कोणीतरी पलीकडून येईल, वेग कमी. माणूस बोलत असला की त्याचा श्वास अडकून राहत नाही, आणि भीतीची वाक्ये मनात घोळवायला जागाही उरत नाही.

सरावाचे वेळापत्रक जितके साधे, तितके ते पाळले जाते. आठवड्यातून एकदा तीन तास चालवण्यापेक्षा रोज वीस-पंचवीस मिनिटे चालवणे कितीतरी अधिक गुणकारी आहे, कारण थकलेला पाय चुका करतो आणि त्या चुका मनात राहतात. पहिले दोन आठवडे एकच ठरलेला, तीन-चार किलोमीटरचा रस्ता सकाळी लवकर चालवा. तो पाठ झाला की दर दोन-तीन दिवसांनी फक्त एक नवी गोष्ट त्यात घाला: एक सिग्नल, एक चढ, गर्दीची वेळ, मग अंधार, मग पाऊस. दोन नव्या गोष्टी एकाच दिवशी नकोत. आणि एखादा दिवस वाईट गेला तर तो तसाच संपवू नका. ठरलेल्या सोप्या रस्त्यावर एक शांत फेरी मारूनच गाडी लावा.

शेजारी कोण बसते, याचा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा फार मोठा असतो. प्रेमाची माणसेच शेजारी बसून सर्वांत जास्त ओरडतात, कारण त्यांनाही भीती वाटत असते आणि त्यांच्या पायाखाली ब्रेक नसतो. माझ्याकडे आलेल्या कित्येक जणांना गाडीची भीती नव्हतीच, त्यांना शेजारून येणाऱ्या "अरे, अरे, ब्रेक!" या हाकेची भीती होती. गाडीत बसण्याआधी घरच्यांशी स्पष्ट बोला. चालू गाडीत त्यांनी तीनच शब्द वापरायचे: थांब, हळू आणि बाजूला. बाकी जे सांगायचे ते गाडी उभी केल्यावर. हे ज्यांना जमत नाही त्यांना काही दिवस मागच्या सीटवर बसवा किंवा घरीच राहू द्या, आणि त्याऐवजी एखाद्या शांत प्रशिक्षकाच्या चार-पाच तासिका घ्या.

गाडी चालवताना धडधड वाढली, तर श्वास आत घेण्यापेक्षा सावकाश बाहेर सोडण्याकडे लक्ष द्या, खांदे खाली सोडा आणि स्टेअरिंगवरची पकड सैल करा. हात थरथरत असतील तर इंडिकेटर देऊन सुरक्षित जागी गाडी बाजूला लावा. धाडस यावे म्हणून कोणतीही गोळी घेऊन गाडी चालवू नका. भीती कमी करणारी बरीच औषधे प्रतिक्रियेचा वेग मंदावतात. अपघातानंतर भीती बसलेली असेल, किंवा गाडीच्या नुसत्या विचाराने झोप उडत असेल, तर तो सरावाने सुटणारा प्रश्न नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे, आणि तिथे त्यावर चांगले उपचार होतात.

गाडीही एकदा तपासून घ्या. क्लच जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय पकडत नसेल, किंवा इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नसेल, तर चकती झिजलेली असू शकते. उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे फार खाली जात असतील, तरी ती वरचेवर बंद पडते. तुमची गाडी जुनी घेतलेली असेल तर ही शक्यता नक्की पाहा. महिनाभर स्वतःला दोष देत राहिलेल्या एका विद्यार्थ्याची गाडी मी स्वतः चालवून पाहिली तेव्हा ती माझ्याही पायाखाली दोनदा बंद पडली होती.

राहिला तो सिग्नल. साधारण तिसऱ्या आठवड्यात, मैदान आणि सौम्य चढ झाल्यावर, सुट्टीच्या दिवशी सकाळी तिथे जा, लाल दिव्यावर थांबा, हँडब्रेक लावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून डाव्या पायाला विश्रांती द्या. आडव्या रस्त्याचा सिग्नल पिवळा झालेला दिसला की क्लच दाबून पहिला गिअर टाका, ब्रेक दाबून हँडब्रेक सोडा, हाफ क्लच शोधा आणि दिवा हिरवा झाल्यावर, दोन्ही बाजू पाहून, तीन आकडे मोजत निघा. तिथून वळसा घालून पुन्हा या आणि त्या सकाळी पाच वेळा तो चौक ओलांडा. त्यात एखाद्या वेळी गाडी बंद पडली, तर ब्रेकपासून सुरुवात करा.